अमिनोप्राणचा जिवंत पुरावा

तामारबाई रोहेकर चौतीस वर्षांच्या झाल्या तेव्हा निम्म्या रोह्याला एकच प्रश्न पडला होता, की ही बाई अजून आहे कशी? विचारायचे सगळे प्रेमानंच. "तुझ्यासारखी पोरं विशीच्या पुढं जात नाहीत म्हणे गो," असं तोंडावर सांगायचे आणि त्यांच्याच घरचा चहा पिऊन जायचे.

मी चंद्रावती ठाकूर. रोह्याजवळच्या धाटावला एका रसायनाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये तामारबाई सीनियर केमिस्ट होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. आठ वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी. त्यांच्या बाबतीत त्या वर्षी जो तमाशा झाला त्याची सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून तो मीच सांगितलेला बरा. दुसऱ्या कुणी सांगितला तर मला वाईट ठरवेल. मी सांगितला तरी मी वाईटच ठरणार आहे, पण निदान बेतानं.

तामारबाईंना थॅलेसेमिया होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी कच्च्या बनतात आणि लवकर फुटतात. ज्यांना तो जोरात होतो त्यांना लहानपणापासून दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. तामारबाईंचा प्रकार त्यामानानं सौम्य. बाराव्या वर्षी पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढून टाकली, तेव्हापासून वर्षातून एकदोनदा रक्त घेऊन भागायचं. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू; त्यांची माणसं एकामागोमाग एक इस्रायलला गेली. भाऊ नथानियल तिकडून दर वर्षी बोलवायचा. तामारबाई म्हणायच्या, "माझ्यात आता आगऱ्यांचं रक्त आहे, कुणब्यांचं आहे, मारवाड्याचं आहे, नदीपल्याडच्या अष्टमी गावातल्या मुसलमानांचं आहे. एवढ्या सगळ्यांना घेऊन मी कुठं जाऊ?"

लोकांना मात्र एवढंच कळायचं, की हिला रक्त कमी. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे शाळेतल्या प्रत्येक मास्तराला, प्रत्येक काकूला आणि बँकेतल्या शिपायालाही ठाऊक. त्यामुळे तामारबाईंच्या घरी कायम बीट, खजूर, गूळ आणि एकदा तर पिशवी भरून बकऱ्याची कलेजी. खरी गोष्ट नेमकी उलटी. अशा माणसाच्या अंगात लोह कमी नसतं, साठत जातं, आणि साठून साठून यकृत आणि काळीज खातं. डॉक्टरांनी त्यांना जेवणाबरोबर कोरा चहा प्यायला सांगितला होता, का तर चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. हे त्या समजावून सांगायच्या. समोरचा मान डोलवायचा आणि पुढच्या आठवड्यात काळ्या मनुका घेऊन यायचा.

अठ्ठ्याण्णव साली गणपतीनंतर त्यांना धाप लागायला लागली. आमची लॅब पहिल्या मजल्यावर, जिन्याला एकोणीस पायऱ्या. पहिल्यांदा त्या बाराव्या पायरीवर थांबायला लागल्या, मग आठव्या. वर येऊन स्टुलावर बसायच्या आणि ओठ निळसर. प्लांट मॅनेजर म्हणाले, "बाई, तुम्ही सकाळी जरा फिरायला जात जा." ते स्वतः बंगल्यापासून गेटपर्यंत जीपनं यायचे.

शेवटी मी त्यांच्याबरोबर मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेले. तिथं डॉक्टर कामेरकर म्हणून एक बाई होत्या, वयानं आमच्याएवढ्याच, केस विंचरायला वेळ न मिळालेल्या. त्यांनी छातीची सोनोग्राफी करून घेतली, पडद्यावर बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलाय. खूप. काळजाच्या उजव्या बाजूला तो ढकलताना दमायला होतंय. हातावर मोजतो ते ब्लड प्रेशर वेगळं, हे वेगळं."

"औषध?" तामारबाईंनी विचारलं.

"खात्रीचं नाही. तुम्ही आता नियमित रक्त घ्यायला लागा, लोह काढायच्या गोळ्या सुरू करू, रक्त पातळ ठेवू." मग म्हणाल्या, "एक गोष्ट आहे. आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात. दुसऱ्या कारणानं असा दाब वाढलेल्या काही थोड्या पेशंटांना देऊन बघितलंय, थोडा फरक पडला. थॅलेसेमियात कुणी नीट बघितलेलं मला तरी माहीत नाही. कदाचित उपयोग होईल. कदाचित होणार नाही. मी शुद्ध माल मिळतोय का बघते, दोन महिने लागतील. तोवर स्वतःहून काही घेऊ नका."

या सगळ्यातलं तामारबाईंनी 'कदाचित' ऐकलं. मी 'अमिनो' ऐकलं.

का ऐकलं ते सांगते. पेणला माझी थोरली बहीण सगुणा दिलेली आहे. तिचे यजमान कान्हू म्हात्रे, म्हणजे माझे भावोजी. आधी पोह्यांची गिरणी चालवायची होती, मग गणपतीच्या मूर्ती परदेशी पाठवायच्या होत्या, मग ससे पाळले. ससे मेले. त्या वर्षी ते साखळीच्या धंद्यात शिरले. 'अमिनोप्राण' नावाच्या पावडरीचा डबा. एकानं दोघांना विकायचा, त्या दोघांनी चौघांना, आणि वर बसलेला माणूस हळूहळू चांदी, सोनं, हिरा होत जाणार. भावोजी सोनं झाले होते. कोटावर तसा बिल्ला लावायचे. पेणच्या उकाड्यात कोट घालणारा तो एकच माणूस. आणि मी त्यांच्या खालची चांदी. बी. एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास, आणि चांदी. डब्यावर काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नव्हतं. भावोजींनी 'अठरा अमिनो आम्लं' म्हणून सांगितलं होतं, मला तेवढं पुरेसं होतं.

मी भावोजींना कळवलं आणि रविवारी ते दिवा-रोहा गाडीनं आले, कोटासकट. तामारबाईंच्या ओटीवर बसले आणि त्यांनी डबा टेबलावर असा ठेवला, की जणू मुलगी दाखवतायत.

"ताई, मुंबईच्या डॉक्टरांनी तुम्हाला अमिनोच सांगितलंय ना?"

"एक सांगितलंय. आर्जिनिन."

"यात अठरा हायत! ते एक द्यायला दोन महिने लावतात. आम्ही अठरा आज देतो."

तामारबाईंनी डबा उचलला, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. आठ वर्षांत मी त्यांना लेबल न वाचता साधं पाणीसुद्धा घेताना बघितलं नव्हतं.

"यात लोह आहे," त्या म्हणाल्या.

"भरपूर!" भावोजी खूश झाले. "लोहयुक्त! खास तुमच्यासारख्यांसाठी."

"मला लोह चालत नाही. माझ्यासारख्यांना ते विष आहे."

भावोजी हसले. लहान मूल काहीतरी गोड बोलल्यावर हसतात तसं. "ताई, तुमचा गैरसमज हाय. रक्तासाठी लोहच लागतं. माझी आई पण सांगायची."

"तुमच्या आईंना थॅलेसेमिया होता?"

"नाय वो. ती दम्यानं गेली."

जाताना ते डबा तिथंच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तामारबाईंनी तो लॅबमध्ये आणला. थोडी पावडर आम्लात उकळली, गाळली, हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले आणि मग थायोसायनेट. लोह असलं की या परीक्षेत द्रव लाल होतो. नुसता लाल नाही, कोंबडी कापल्यावर भांड्यात जमतं तसा लाल.

"बघ," त्या म्हणाल्या. "बाकी यात सोयाबीनचं पीठ, दुधाची भुकटी आणि साखर. आर्जिनिन आहे, नाही असं नाही. मूठभर शेंगदाण्यात असतं तेवढं."

मला खरं तर त्याच क्षणी लाज वाटायला हवी होती. मी म्हटलं, "पण बाई, बाकीच्यांना तर चांगलंच ना? ज्यांना थॅलेसेमिया नाही त्यांना?"

त्यांनी परीक्षानळी धुवायला घेतली.

पंधरा दिवसांनी कोलाडच्या अलीकडच्या खांब गावातून आमना नावाची बाई त्यांना शोधत घरी आली; मी तेव्हा तिथंच होते. नवरा कुवेतला, घरी एकोणीस वर्षांची मुलगी, उमामा. उमामालाही थॅलेसेमिया, पण जोराचा. दर महिन्याला मुंबईला नेऊन रक्त चढवायचं. आमनानं आल्या आल्या तामारबाईंचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली.

"तुमाला बघितलं नि जीव भांड्यात पडला गो बाई. चौतीस वर्षं! माझी उमामा पण जगंल ना अशी?"

"जगेल की. पण तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं?"

आमनानं पदराआडून एक गुलाबी कागद काढला. त्यावर तामारबाईंचा फोटो. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात काढलेला, हातात फुलांचा गुच्छ. तो फोटो माझ्याकडे होता आणि भावोजींनी माझ्याकडून 'सहज बघायला' म्हणून नेला होता. खाली छापलेलं: 'अमिनोप्राणचा जिवंत पुरावा! थॅलेसेमियाच्या रुग्ण, वय ३४, धाप पूर्णपणे गायब! येत्या रविवारी पेण येथे त्यांना प्रत्यक्ष भेटा.'

"मी चार डबे घेतले," आमना म्हणाली. "दिवसाला तीन चमचे देते."

तामारबाईंचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. त्यांनी आमनाला सगळं समजावलं, लोह, काळीज, यकृत, सगळं. आमना ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बंद होत गेला. शेवटी ती उठली.

"तुमी घेऊन बऱ्या झाल्या. आता दुसऱ्याला कशाला मिलाया पायजे, असंच ना?"

ती गेली. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते.

"चंद्रा," त्या म्हणाल्या, "रविवारी मला भेटायला लोक येणार आहेत ना पेणला? मग मला जायला हवं."

पेणच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी दोनशे तरी माणसं होती. स्टेजवर मखमली खुर्च्या, मध्ये डब्यांचा मनोरा. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मामलेदार आणले होते. त्यांना आपण कशाचे अध्यक्ष आहोत ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी दीपप्रज्वलन केलं आणि वृक्षारोपणावर वीस मिनिटं बोलले. मग भावोजींनी तामारबाईंना शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर सांगितलं, "यांच्याकडे बघा! नुसतं बघा!" लोक बघायला लागले. मागच्या रांगेतले उठून उभे राहिले.

तामारबाईंनी पिशवीतून स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि तीन छोट्या बाटल्या काढल्या. भावोजींना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी स्वतः टेबल पुढे ओढून दिलं.

"मी हे औषध कधीच घेतलेलं नाही," तामारबाई म्हणाल्या. धाप लागत होती, म्हणून तोडून तोडून बोलत होत्या. "माझी धाप गेलेली नाही. ऐकू येतेच आहे तुम्हाला. या डब्यात लोह आहे. थॅलेसेमियाच्या माणसाला लोह घातक असतं. मी ते दाखवते."

त्यांनी मनोऱ्यावरचा नवा डबा फोडला, चमचाभर पावडर आम्लात उकळली. वास सुटला. मामलेदारांनी नाकाला रुमाल लावला. गाळून घेतलं, थेंब टाकले, आणि शेवटी बाटलीतलं थायोसायनेट ओतलं.

नळी लालभडक झाली. पहिल्या रांगेतून एक बाई ओरडली, "अगो बाय! रगत झाला!"

आणि टाळ्या सुरू झाल्या.

मला आधी वाटलं तामारबाईंसाठी आहेत. तामारबाईंनाही क्षणभर तसंच वाटलं असावं. पण भावोजी माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी माइक ओढून घेतला. "बघितलंत? डोळ्यांसमोर बघितलंत? चमचाभर पावडर, पाच मिनिटं, आणि रक्त तयार! कंपनीतल्या शिकलेल्या केमिस्ट बाईंनी करून दाखवलं!"

"हे रक्त नाही!" तामारबाई ओरडल्या. पण त्यांच्या छातीत तेवढा वारा नव्हता आणि माइक भावोजींच्या हातात होता. "हा फक्त रंग आहे! लोहाचा रंग!"

"लोहाचाच रंग!" भावोजी गरजले. "रक्ताला लाल कोण करतं? लोहच!"

इतकं शास्त्रशुद्ध वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असेल, आणि त्यात काडीचीही चूक नव्हती. लोक स्टेजकडे धावले. मनोरा पायापासून सपाट झाला. एक म्हातारा तामारबाईंच्या हातातली नळीच मागत होता. बायको आजारी आहे, थोडं तयार मिळालं तर बरं, म्हणाला. मामलेदारांनी समारोपात 'विज्ञान आणि परंपरेचा संगम' असं म्हटलं आणि दोन डबे घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या साप्ताहिकात मथळा आला: 'पेणमध्ये रक्तनिर्मितीचा यशस्वी प्रयोग. रोह्याच्या भगिनीचे कौतुक.'

परतीच्या गाडीत तामारबाई खिडकीशी बसल्या होत्या. नागोठणं मागे पडलं. मग म्हणाल्या, "मी केमिस्ट्री बरोबर केली ना गं?"

"अगदी बरोबर, बाई."

"तेच चुकलं. मला वाटलं, डोळ्यांनी दिसलं की पुरे. त्यांनी डोळ्यांनीच बघितलं." आणि माझ्याकडे न बघता, "तू किती जणांना विकलेस?"

मी सांगितलं. अकरा. त्यांनी मान हलवली. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात मी अकरा घरी जाऊन आले. सात जणांनी माझ्यावरच संशय घेतला, की भावोजींशी बिनसलं असणार. एकानं दुसरा डबा मागितला. बिल्ला मी पोस्टानं पेणला पाठवून दिला. सगुणानं फोनवर विचारलं, "तू आमच्या पोटावर का उठलीस गो?" अजूनही आम्ही गणपतीला भेटतो तेव्हा हवापाण्यावर बोलतो.

खांबला मात्र तामारबाई स्वतःच जायचं म्हणाल्या; मी बरोबर गेले. हायवेपासून आमनाच्या घरापर्यंत चढ. दर वीस पावलांवर त्या थांबत होत्या. आमनानं दारातूनच सांगितलं, "आता काय आनखी? पेपरात तर सगला छापून आला. तुमीच रगत करून दावलं."

"आमनाबी, मुलीला एकदा बघू द्या. मग मी जाते."

उमामा परसात होती. बारीक चणीची, फिकट पिवळसर, पण डोळे असे, की समोरच्याला आरपार वाचतील. तामारबाईंनी तिला बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. उमामानं हात करून थांबवलं.

"मावशी, मला ठाव हाय. मुंबईच्या सिस्टर दर खेपेला सांगतात, लोहाची गोळी घेऊ नको. नि डब्यावर लोह लिवलंय."

"मग घेतेस कशाला?"

उमामानं आईकडे बघितलं, मग खुराड्याकडे. तेव्हा माझं लक्ष गेलं. परसात सात कोंबड्या होत्या आणि तशा कोंबड्या मी त्याआधी बघितल्या नव्हत्या. छाताडं पुढे काढून, मामलेदारांसारख्या चालत होत्या. तुरे लालेलाल.

"पयल्या दिवसापासून," उमामा म्हणाली.

आमनाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी तिनं झाडू उचलला. "माझे चार डबे! कोंबड्यांना! मी रोज बघते, पोरीच्या तोंडावर तेज आलं, शेजारणींना सांगते, औषधाचं तेज..."

"तेज कुठलं गो आई. मागच्याच आठवड्यात रक्त चढवून आणलंस ना मला."

आमना झाडू घेऊन तशीच उभी राहिली. मग पायरीवर बसली. हसतेय की रडतेय ते आम्हाला कळेना, तिलाही कळत नसावं. "अल्ला," एवढंच म्हणत होती, "नशीब माझं, पोरगी माझ्यावर गेली नाय."

त्या दिवशी तामारबाईंनी तिथं पोटभर जेवण केलं, कोऱ्या चहासकट.

त्यानंतर पेणला जे घडलं ते तामारबाईंच्या रसायनशास्त्रानं घडलं नाही. बाजाराच्या दिवशी आमना एकटीच भावोजींच्या अमिनोप्राणच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंड सोडलं. तिला माइक लागला नाही. थायोसायनेट लागलं नाही. "माझ्या पोरीनं खाल्ला नाय म्हणून जगली! खाल्ला असता तर मेली असती! नि त्या रोह्याच्या बाईनं पण खाल्ला नाय! तिचा फोटू काढ आधी!" मासळीवाल्या उठून आल्या, रिक्षा थांबल्या. अर्ध्या तासात गुलाबी कागद भिंतीवरून निघाले.

धंदा बंद पडला असं मी सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पडला नाही. महिन्याभरात नवीन कागद आला, हिरवा. त्यावर गुडघे बरे झालेल्या एका हेडमास्तरांचा फोटो होता. पुढे भावोजी हिरासुद्धा झाले.

जानेवारीत डॉक्टर कामेरकरांचा निरोप आला, आर्जिनिन मिळालं. पांढरी पावडर, साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, फोटो नाही, बिल्ला नाही. दिवसातून तीनदा पाण्यात विरघळवून घ्यायची. त्याआधीच तामारबाई नियमित रक्त घ्यायला लागल्या होत्या. आता महिन्यातून एकदा त्या आणि उमामा एकाच दिवशी मुंबईला जायच्या आणि शेजारी शेजारी पलंगावर रक्त चढवून घ्यायच्या. आमना डबा घेऊन बाहेर बसायची आणि बाकीच्या आयांना, त्यांनी विचारलेलं नसताना, लोहाबद्दल व्याख्यान द्यायची. काही गोष्टी ती उलट्या सांगायची, पण आवाजामुळे सगळ्यांना पटायच्या.

एप्रिलमध्ये पुन्हा सोनोग्राफी झाली. दाब उतरला होता. फार नाही, पण उतरला होता. सहा मिनिटांत किती चालता येतं ते मोजलं, तेही वाढलं होतं. मी तर तिथंच पेढे आणायला निघाले.

"थांबा," डॉक्टर कामेरकर म्हणाल्या. "हे आर्जिनिनमुळे की नियमित रक्तामुळे, मला सांगता येणार नाही. दोन्ही बरोबरच चाललंय. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही. तीस तरी पेशंट हवेत, निम्म्यांना हे, निम्म्यांना नुसती साखर, आणि कुणाला काय दिलं ते मलासुद्धा कळता कामा नये."

तामारबाई मोठ्यानं हसल्या. गेल्या सहा महिन्यांत त्यांना इतका दम पुरला नव्हता. "डॉक्टर, तुम्ही आमच्या पेणला याच. 'मला माहीत नाही' असं स्टेजवरून म्हणून दाखवा. लोक दगड मारतील."

"इथंही मारतात," कामेरकर म्हणाल्या. "नुसतं इंग्रजीत."

तीस पेशंट काही मिळाले नाहीत. तामारबाईंनी आणि उमामानं पोस्टकार्डं लिहून, सरकारी दवाखान्यांत विचारून, अख्ख्या जिल्ह्यात वय वर्षं अठराच्या पुढचे सात जण शोधून काढले. त्यातल्या तिघांना आपल्या आजाराचं नाव पहिल्यांदाच कळलं. एकाला घरच्यांनी वीस वर्षं लोहाचं टॉनिक पाजलं होतं. तो दुसऱ्यांदा भेटलाच नाही.

उमामानं बारावीनंतर बी. एस्सी.ला नाव घातलं. प्रॅक्टिकलची भीती वाटते म्हणून रविवारी रोह्याला यायची आणि तामारबाई तिला स्वयंपाकघरात टायट्रेशन शिकवायच्या. त्यासाठी लागणारी मापाची काचनळी, ब्युरेट, आमच्या लॅबमधली होती. कुणी आणली ते मी सांगणार नाही.

पावसाळ्याआधी हॉस्पिटलातून एक छापील फॉर्म आला. वरचे रकाने डॉक्टरांनी आकड्यांनी भरले होते, खालचा एक रिकामा ठेवला होता: 'औषधाबद्दल रुग्णाचे स्वतःचे मत'. तामारबाईंनी तो लॅबमध्ये टेबलावर ठेवला आणि सकाळभर त्याच्याकडे बघत काम करत राहिल्या. मी म्हटलं, "चांगलं लिहा बाई. डॉक्टरांनी एवढं केलंय."

"चांगलं म्हणजे?"

"म्हणजे... गुण आला, असं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि बारीक, सरळ अक्षरात, सॅम्पलचा रिपोर्ट लिहावा तसं लिहिलं: 'एकोणीस पायऱ्यांपैकी पंधरा न थांबता चढते. कशामुळे ते ठाऊक नाही. चव घाण आहे.'

खाली सही केली, तारीख घातली, आणि मला म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून तू पण कर. मोजायला तूच होतीस."

मी सही केली.